स्केच जुळलं म्हणजे नक्की काय जुळलं?

गेल्या महिन्यात तापाने चार दिवस घरी पडून होते, वाचवत नव्हतं, झोपही येत नव्हती, मग एक चिनी सिरीयल सलग बघून टाकली. 'अंडर द स्किन' नाव, २०२२ ची, वीस भागांची. हिरो पोलिसांत आहे पण पिस्तूलवाला नाही, पेन्सिलवाला. शेन यी त्याचं नाव, थान ज्यानत्स या नटाने काम केलंय. साक्षीदार समोर येऊन बसतो, दोन-चार वाक्यं बोलतो, हा डोळे बारीक करून ऐकतो, पेन्सिल खसखसते, आणि कागदावर असा चेहरा उतरतो की आपल्या आधार कार्डावरचा फोटो लाजेल. (ते फार अवघड नाही म्हणा.) मग कॉम्प्युटर, मग गाडीचा सायरन, मग बेड्या.

सिरीयल झकास आहे, आधीच सांगते, ज्यांना बघायची असेल त्यांनी बघा. पण चौथ्या दिवशी ताप उतरल्यावर डोकं जरा चालायला लागलं आणि मला ती सुरुवातच परत परत आठवायला लागली. सुरुवातीला शेन यी पोलिस नसतो, तरुण चित्रकार असतो, हाताचा जादूगार. एक अनोळखी बाई त्याच्याकडे एका लहान मुलाचा फोटो घेऊन येते आणि म्हणते हा मोठा झाल्यावर कसा दिसेल ते काढून दे. तो काढतो, अगदी हुबेहूब. तो मुलगा आता पोलिस अधिकारी झालेला असतो आणि त्या चित्रामुळे तो मारेकऱ्यांना सापडतो, त्याचा खून होतो. पोलिस साहजिकच म्हणतात, ठीक आहे, आता त्या बाईचा चेहरा काढ. आणि याला आठवत नाही! ज्या माणसाची नजर सगळ्यात तीक्ष्ण, त्याच्या समोर उभी राहून बोलून गेलेली बाई, तिचा चेहरा त्याच्या डोक्यातून पुसलेला. सात वर्षांनी तो पोलिसांत येतो तो या एका सलामुळेच.

मला विचाराल तर अख्ख्या सिरीयलमधली सगळ्यात खरी गोष्ट हीच आहे, आणि लेखकाने ती पहिल्याच भागात सांगून टाकून पुढचे भाग तिच्याकडे पाठ फिरवलीय. कारण पुढे प्रत्येक साक्षीदाराला सगळं आठवतं. भुवईचा कोन आठवतो, नाकपुडी आठवते. जे चित्रकाराला जमलं नाही ते रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला जमतं. आता सिरीयल आहे, तिला पंचेचाळीस मिनिटांत खुनी पकडायचाय, हे मलाही कळतं, आणि आपल्याकडे तर १९९८ पासून सीआयडीवर पोसलेली पिढी आहे, दयाने दार तोडायचं आणि स्केच जुळायचंच, त्यावर कोण वाद घालणार. पण करमणुकीतून उचललेली ही समजूत आपण घेऊन फिरतो ना, पेपरात स्केच छापून आलं की ते गुन्हेगाराचं तोंड आहे असं धरून चालतो, माझा वाद त्याच्याशी आहे. स्केच हे गुन्हेगाराचं चित्र नसतं. एका घाबरलेल्या माणसाच्या आठवणीचं चित्र असतं ते, दुसऱ्या माणसाच्या हाताने काढलेलं. या दोन गोष्टींत जे अंतर आहे त्यात लोकांची आयुष्यं गेलीयेत, अतिशयोक्ती करत नाहीये, पुढे सांगते.

आधी घरातला प्रयोग. आमच्याकडे एक इस्त्रीवाला येतो, नऊ वर्षं झाली, दर दोन दिवसांनी बेल वाजवतो, आई त्याच्याशी हिशोबावरून भांडते, त्याच्या मुलीच्या दहावीचे मार्क तिला पाठ आहेत. माझ्या भाच्याला इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, हात चांगला आहे पोराचा. मी म्हटलं आई, तू वर्णन कर, हा काढेल. आई म्हणाली त्यात काय, साधाच आहे, सावळा, मिशी आहे. भाचा म्हणाला मिशी कशी? आई म्हणाली, मिशीसारखी. नाक? नाक बरंय. कपाळ? आता आई चिडली, म्हणाली मी काय त्याचं कपाळ बघत बसते का. अर्ध्या तासाने जे काही तयार झालं ते बघून बाबा म्हणाले, हा आमच्या जुन्या ऑफिसातला कॅशियर कुठून काढलात? आणि दुसऱ्या दिवशी बेल वाजली, दार उघडलं, तर इस्त्रीवाल्याला मिशीच नाही! विचारलं तर म्हणाला, काढून चार वर्षं झाली ताई.

आता ही आई काय विसरभोळी आहे का? तर मुळीच नाही, हाच माणूस दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातच्या गर्दीत दिसला तर ती शंभर फुटांवरून हाक मारेल. गंमत तिथेच आहे. चेहरा ओळखणं वेगळं आणि चेहरा आठवून सांगणं वेगळं. आपण चेहरा सुट्ट्या पार्टमध्ये साठवत नाही, इथे नाक, इथे हनुवटी, असं, आपण तो एकगठ्ठा घेतो. म्हणून तर ओळखीच्या माणसाचा फोटो उलटा धरला की पटकन ओळखू येत नाही, नाक-डोळे तेच असतात पण गठ्ठा फिसकटतो. आणि स्केच काढायचं म्हणजे नेमका तोच गठ्ठा सोडवून एकेक तुकडा शब्दांत सांगायचा. मराठीत नाकाला शब्द किती? चाफेकळी, नकटं, बसकं, धारदार, संपले. जगातली सगळी नाकं या चार डब्यांत कोंबायची आणि मग चित्रकाराने त्यातून एक बाहेर काढायचं.

याहून वाईट गोष्ट म्हणजे सांगण्याने आठवणच बिघडते. १९९० मध्ये स्कूलर नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने लोकांना एका चोरीचा व्हिडिओ दाखवला, मग अर्ध्या लोकांना म्हणाले चोराच्या चेहऱ्याचं सविस्तर वर्णन लिहा, बाकीच्यांना दुसरंच काहीतरी काम दिलं. नंतर फोटोंतून चोर ओळखायला सांगितलं तर ज्यांनी मन लावून वर्णन लिहिलं होतं त्यांनाच तो कमी ओळखता आला. म्हणजे शब्द आठवण पुसून तिच्या जागी स्वतः बसले. २००५ मध्ये गॅरी वेल्स आणि मंडळींनी तेच चेहरा जुळवण्याच्या सॉफ्टवेअरवर करून बघितलं, तर जुळवाजुळव करून झाल्यावर माणसांना खरा चेहरा ओळखणं आणखीच जड गेलं. हे वाचल्यावर मला सिरीयलमधला प्रत्येक तो सीन, साक्षीदार डोळे मिटून "हां, असाच, अजून थोडं रुंद" म्हणतो तो, वेगळाच दिसायला लागला. तो माणूस आठवत नाहीये हो, तो बनवतोय. प्रामाणिकपणे बनवतोय, हे आणखी वाईट.

मग स्केच बंद करा का? नाही ना, मी तसलं एकारलेलं बोलणारच नाही, कारण उपयोग होतो याचे दाखले ठसठशीत आहेत. १९६१ मध्ये लंडनमध्ये एका दुकानातल्या बाईचा खून झाला, नुकत्याच अमेरिकेतून आलेल्या आयडेंटीकिटवर, म्हणजे पारदर्शक पट्ट्यांवरची नाकं-डोळे एकमेकांवर ठेवून, चेहरा जुळवला, आणि काही दिवसांनी एका साध्या गस्तीच्या पोलिसाने रस्त्यात तो माणूस ओळखला. ह्यूस्टनच्या लोइस गिबसनबाई आहेत, तरुणपणी स्वतःवर हल्ला झाला, मरता मरता वाचल्या, पुढे पोलिसांसाठी स्केच काढायला लागल्या आणि त्यांच्या चित्रांमुळे ओळख पटलेल्या गुन्हेगारांचा आकडा साडेसातशेच्या वर गेला, गिनीजमध्ये नोंद आहे. आपल्याकडे मुंबईत २२ ऑगस्ट २०१३ ला शक्ती मिलचं ते भयंकर प्रकरण झालं, दुसऱ्याच दिवशी स्केचेस बाहेर आली आणि काही दिवसांत पाचही जण हातात. मुंबई पोलिसांना वर्षानुवर्षं स्केच काढून देणारे चेंबूरचे नितीन यादव पेशाने शाळेत चित्रकलेचे शिक्षक. शाळेत पोरांचे स्टिल लाइफ तपासायचे आणि फोन आला की पोलिस स्टेशनला जायचं, आपल्याकडची व्यवस्था ही अशी, खरंतर त्यावर वेगळा लेख व्हायला पाहिजे, असो.

पण या दाखल्यांत स्केचने काय केलं ते नीट बघा. शक्ती मिलमध्ये ते लोक पीडित मुलीच्या आणि तिच्या सहकाऱ्याच्या समोर बराच वेळ होते, बोलत होते, शिवाय मागे मुंबईच्या खबऱ्यांचं जाळं होतं. स्केच हे खबऱ्याला "असा कोणी बघितलास का" विचारायचं साधन होतं. त्याने नाव दिलं आणि त्याचं काम संपलं. पुढचं काम पुराव्याने केलं.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ओक्लाहोमा सिटीच्या प्रकरणात. १९ एप्रिल १९९५ ला तिथली सरकारी इमारत ट्रकबॉम्बने उडवली, १६८ माणसं गेली. ढिगाऱ्याच्या आसपास ट्रकचा एक ॲक्सल सापडला, त्यावरच्या नंबरावरून कॅन्सासमधल्या जंक्शन सिटीचं ट्रक भाड्याने देणारं दुकान सापडलं, दुकानातल्या एका माणसाने सांगितलेल्यावरून दोन स्केचेस झाली, नंबर एक आणि नंबर दोन. एक नंबरचं स्केच घेऊन एफबीआयवाले आसपास हिंडले तर एका मोटेलच्या मालकीणबाई म्हणाल्या हा तर आमच्याकडे राहून गेला, रजिस्टर काढलं, त्यात टिमोथी मॅकव्हे, स्वतःच्या खऱ्या नावाने! आणि नाव शोधलं तर तो आधीच तुरुंगात, स्फोटानंतर दीडेक तासात गाडीला नंबर प्लेट नाही म्हणून हायवेवर पकडलेला. ॲक्सल, दुकान, स्केच, रजिस्टर, तुरुंग. साखळीतली एक कडी होती स्केच. बस इतकंच आणि तरी केवढं.

आणि दोन नंबर? त्या दुसऱ्या माणसाला शोधायला अमेरिकेने जंग जंग पछाडलं. भरदार दंडांचा, डोक्यावर टोपी, त्याचं स्केच जगभर झळकलं. शेवटी निघालं काय, तर तो एक बिचारा लष्करातला पोरगा, त्याच दुकानात दुसऱ्या दिवशी मित्राबरोबर ट्रक घ्यायला आलेला, त्याचा स्फोटाशी काडीचा संबंध नाही. दुकानातल्या माणसाच्या डोक्यात दोन दिवसांची दोन गिऱ्हाइकं एकमेकांत मिसळली होती. म्हणजे स्केच उत्तम होतं बरं का, चेहरा बरोबर होता, माणूस खरा होता, फक्त दिवस चुकीचा होता. एकच दुकान, एकच साक्षीदार, एकाच बैठकीतली दोन चित्रं, एक मारेकरी आणि एक निष्पाप, आणि कागदाकडे बघून कुठलं कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

तो पोरगा सुटला कारण एफबीआयने नंतर नीट तपासलं. कर्क ब्लडस्वर्थ सुटला नाही. १९८४ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरजवळ नऊ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिला मारून टाकलं, तिच्याबरोबर शेवटचा दिसलेला माणूस दोन लहान पोरांनी बघितला होता, एक दहा वर्षांचा, एक सात. त्यांच्या सांगण्यावरून चित्र जुळवलं, टीव्हीवर दाखवलं, आणि कोणीतरी निनावी फोन केला की हा कर्कसारखा दिसतो. पोरांनी सांगितलेला माणूस साडेसहा फुटांच्या आसपास उंच, काटकुळा, केस सोनेरी. कर्क त्याच्यापेक्षा बुटका, अंगाने भरलेला, केस लालसर. पण चित्राने नाव दिलं होतं ना! आणि मग पुढचे साक्षीदार एकामागोमाग एक, हो हाच होता, हाच होता. १९८५ मध्ये फाशीची शिक्षा, नंतर खटला परत चालून जन्मठेप, आणि १९९३ मध्ये डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरला, जवळपास नऊ वर्षं आत काढून. फाशीची शिक्षा झालेला आणि डीएनएमुळे सुटलेला तो अमेरिकेतला पहिला माणूस. खरा खुनी २००३ मध्ये सापडला. कुठे, तर तो त्याच तुरुंगात होता, कर्कच्या खालच्या मजल्यावर, आणि कर्क तुरुंगाच्या लायब्ररीत काम करायचा तेव्हा त्याला पुस्तकं नेऊन द्यायचा.

मी हे वाचून उठून पाणी प्यायले होते.

अमेरिकेत १९८९ ते २०२० डीएनएमुळे जे ३७५ लोक निर्दोष सुटले त्यांतल्या ६९ टक्के प्रकरणांत साक्षीदाराची ओळख चुकली होती. यातले बहुतेक साक्षीदार खोटं बोलत नव्हते, हे परत परत सांगायला हवं. नॉर्थ कॅरोलायनातल्या जेनिफर थॉम्पसनने १९८४ मध्ये अत्याचार होत असताना मुद्दाम त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवला होता, की जगले तर याला धरून देईन. चेहऱ्याचं चित्र जुळवायला मदत केली, फोटोतून रोनाल्ड कॉटनला ओळखलं, रांगेतून ओळखलं, कोर्टात ओळखलं. साडेदहा वर्षांनी डीएनएने सांगितलं तो नव्हता. मधल्या काळात खरा गुन्हेगार तिच्यासमोर कोर्टात आणून उभा केला होता, तिने त्याला ओळखलंही नाही. तोवर तिच्या डोक्यातल्या त्या रात्रीवर रोनाल्डचा चेहरा बसला होता.

उलटंही होतं. युनाबॉम्बरचं, म्हणजे अमेरिकेत लोकांना पार्सलमधून बॉम्ब पाठवणाऱ्या टेड काझिन्स्कीचं, ते हुडी आणि काळ्या गॉगलचं स्केच आठवतंय? जगातलं सगळ्यात प्रसिद्ध स्केच असेल ते, लोक टीशर्टवर छापून घालतात. त्याने कोणीही सापडलं नाही. १९९५ मध्ये त्याचा लांबलचक जाहीरनामा वॉशिंग्टन पोस्टने छापला आणि त्याच्या भावाला आणि वहिनीला ती भाषा ओळखू आली, असली वाक्यं आमचा टेडच लिहितो. माणूस चेहऱ्याने नाही, व्याकरणाने पकडला गेला. मराठीच्या मास्तरांना हा किस्सा सांगायला पाहिजे.

आता परत चीनमध्ये येते, कारण तिथे सिरीयलच्या तीन वर्षं आधीच खरं प्रकरण घडून गेलं होतं. क्वांगतोंग प्रांतात २००३ ते २००५ मध्ये नऊ लहान मुलं पळवून विकणारा एक माणूस पकडला, त्याने सांगितलं की मुलं पुढे विकायला एक 'मेई मावशी' मदत करायची. लिन यूहुई म्हणून शांतोंगचे नावाजलेले पोलिस चित्रकार, त्यांनी तिचं चित्र काढलं, आणि २०१९ मध्ये ते चीनभर व्हायरल झालं. बाईचा चेहरा कसा, तर चिनी गावागावात दिसणाऱ्या कुठल्याही साठीच्या बाईसारखा. इथे दिसली, तिथे पकडली, अशा अफवांचा पूर आला. शेवटी त्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाला जाहीर सांगावं लागलं की हे चित्र अधिकृत नाही, आणि अशी बाई आहे का, ती अशी दिसते का, याला त्या एका आरोपीच्या बोलण्यापलीकडे पुरावा मिळालेला नाही. हे लक्षात घ्या, मुलं हरवलेल्या आईबापांसाठी ते चित्र म्हणजे पंधरा वर्षांनी दिसलेला पहिला धागा होता, त्यांनी ते पसरवलं यात त्यांचा दोष काय. आणि त्या चित्रासारख्या दिसणाऱ्या बायकांचा तरी दोष काय. सिरीयलवाल्यांनी हा एक भाग केला असता तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

आपल्याकडे लोक म्हणतील ज्यूरी नाही, त्यामुळे स्केचने कोणाला शिक्षा होत नाही. खरंय, कोर्टात स्केचची किंमत फारशी नाही. ओळख परेडसुद्धा फक्त आधाराला, खरा पुरावा साक्षीदाराने कोर्टात शपथेवर पटवलेली ओळख. परेडचे नियमही कागदावर चांगले आहेत, मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायची, पोलिसांनी बाहेर थांबायचं, सारखे दिसणारे डमी उभे करायचे, आणि साक्षीदाराने आधी आरोपीचा फोटो बघितला असेल तर ती परेड वकील कोर्टात फाडून खातात. पण शिक्षा काय फक्त कोर्टच देतं का? १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला भिक्षेकरी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं, तिथे तर स्केचही नव्हतं, नुसत्या फॉरवर्डने काम भागलं. त्या वातावरणात तुम्ही "संशयिताचा चेहरा" म्हणून चित्र सोडता तेव्हा ते कोणाच्या हातात पडणार याचा विचार नको?

आणि तपासाचं म्हणाल तर दाभोलकरांचं प्रकरण आहेच. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, स्केचेस निघाली, आपण सगळ्यांनी ती बघितली, मी तर कितीतरी दिवस बसमध्ये बसल्याबसल्या लोकांच्या चेहऱ्यांशी ती ताडून बघायचे, आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. २०१६ मध्ये सीबीआयने गोळ्या झाडणारे म्हणून दोन फरार माणसांची नावं दिली. २०१८ मध्ये वेगळ्याच दोघांना अटक केली. मे २०२४ मध्ये त्या नंतरच्या दोघांना जन्मठेप झाली आणि बाकीचे तीन आरोपी सुटले. खून भरदिवसा, साक्षीदार हजर, चित्रं काढलेली, आणि तरी गोळी कोणी झाडली याच्या उत्तरात मधे नावं बदलली. दोष मी स्केचला देत नाही, स्केचकडून आपण काय अपेक्षा ठेवली होती ते आठवा एवढंच म्हणते.

यात आता मशीन आलंय, आणि माझी खरी धास्ती इथे आहे. जोपर्यंत स्केच भिंतीवर चिकटवत होते तोपर्यंत बघणाऱ्याला कळायचं की हे चित्र आहे, पेन्सिलीच्या रेघा दिसायच्या, "साधारण असा" हे त्या रेघांतच लिहिलेलं असायचं. आता ते रंगीत, गुळगुळीत, फोटोसारखं करून मिळतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या लोकांनी अहवाल काढला की तिकडे काही ठिकाणचे पोलिस हाताने काढलेली स्केचेस सरळ फेस रेकग्निशनमध्ये, म्हणजे चेहरे ताडून बघणाऱ्या मशीनमध्ये, टाकतात, आणि न्यूयॉर्कला तर संशयिताचा फोटो नीट आला नाही म्हणून तो ज्या नटासारखा दिसतो त्याचा, वुडी हॅरेल्सनचा, फोटो मशीनला दिला. हसू नका. मशीन सहसा "माहीत नाही" म्हणत नाही, ते टक्के सांगतं. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं की ८० टक्क्यांच्या वर जुळलं तर ते जुळलं असं धरतात. आता एका घाबरलेल्या माणसाची आठवण, तिचं चार शब्दांत वर्णन, त्यावरून काढलेलं चित्र, आणि ते लाखो फोटोंच्या डेटाबेसशी ताडून आलेले ८० टक्के, यातले ८० टक्के नक्की कशाचे हो? कॅनडात एडमंटनच्या पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये डीएनएवरून कॉम्प्युटरने बनवलेला एका कृष्णवर्णीय तरुणाचा चेहरा प्रसिद्ध केला, लोक संतापले की या चित्रात शहरातला कुठलाही काळा तरुण बसतो, तर दोन दिवसांत चित्र काढून घेऊन माफी मागितली. आपल्याकडे त्याच वर्षी नवीन कायदा झाला, बोटांचे ठसे, डोळ्याची बुबुळं, फोटो, सगळं घेऊन साठवायचा अधिकार पोलिसांना मिळाला, १९२० चा जुना कायदा गेला. साठा वाढतोय, तो वापरताना आत काय टाकायचं यावर मात्र कोणी बोलत नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. हाताने काढलेलं किंवा सांगण्यावरून बनवलेलं चित्र फेस रेकग्निशनमध्ये टाकायला सरळ बंदी हवी, यात मला मधला मार्ग दिसत नाही. साक्षीदार आणि चित्रकाराचं बोलणं सुरुवातीपासून रेकॉर्ड व्हावं, कोण आधी काय म्हणालं ते कळायला, "मिशी होती का" असं विचारलं की "मिशी होती" असं उत्तर यायला वेळ लागत नाही. चित्र काढताना तपास अधिकारी खोलीत नको, त्याच्या डोक्यात आधीच कोणीतरी असतं. आणि चित्र छापाल तेव्हा बाजूला चार ओळी छापा, किती जणांच्या सांगण्यावरून, त्यांनी किती लांबून, किती वेळ, कसल्या उजेडात बघितलं. "रात्री साडेनऊ, चालत्या मोटारसायकलवरून, तीन सेकंद" एवढं वाचलं की वाचणारा आपोआप शांत होतो. चॅनेलवाल्यांना हे आवडणार नाही, पण त्यांना आवडतं ते करून आपलं आजवर काय भलं झालंय.

स्केच आर्टिस्ट लोकांवर माझा राग नाही, उलट मुरलेले जे असतात ते सांगतातच की चित्र काढणं वीस टक्के आणि समोरच्याला चहा पाजून, रडू देऊन, धीर देऊन बोलतं करणं ऐंशी टक्के. सिरीयलमध्ये ते ऐंशी टक्के दिसत नाहीत, कारण रडणाऱ्या माणसासमोर दोन तास गप्प बसणं कॅमेऱ्यात भारी दिसत नाही.

माझ्या मावशीची चेन खेचली दोन वर्षांपूर्वी. संध्याकाळी देवळातून येताना, मोटारसायकलवर दोघं, मागच्याने हात घातला आणि गेले, मानेवर हा एवढा ओरखडा. मी तासाभरात पोचले तेव्हा ती थरथरत होती पण सांगत होती स्पष्ट, दोघांनी हेल्मेट घातली होती गं, काचा खाली, मला काही म्हणजे काही दिसलं नाही. पोलिस स्टेशनला गेलो, कुठलं ते जाऊ दे. हवालदार वाईट नव्हता, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मोबाईल पुढे केला, "बघा मावशी, हा तर नव्हता? याच एरियात करतो." फोटोत पंचविशीतला एक पोरगा, कुरळे केस, गालावर तीळ. मावशी म्हणाली मला नाही सांगता येणार. तो म्हणाला नीट बघा, घाई नाही. तिने नीट बघितलं. पुढे त्या केसचं काही झालं नाही, चेन गेली ती गेली.

परवा तिच्याकडे गेले होते, या सिरीयलचाच विषय निघाला. मी म्हटलं मावशी, तुझ्या चोराचं स्केच काढायला बसवलं असतं तर काय सांगितलं असतंस? मटार सोलता सोलता तिने मान वर केली नाही, एका दमात म्हणाली, "काय सांगायचंय, अजून डोळ्यासमोर आहे मेला. कुरळे केस, आणि इथे, गालावर तीळ."